कोयरी तीन हुक सरकवताना: एका नकलेच्या फंक्शनचं प्रकरण

बेळगावातल्या वडगावच्या एका गल्लीत, पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग आणि मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर असलेलं घर आहे. तिथले मामा चाळीस वर्षं साडीचं डिझाइन करतात. आधी आलेख कागदावर चौकोन रंगवून, नंतर पुठ्ठ्याच्या पत्त्यांना छिद्रं पाडून आणि आता स्क्रीनवर. घरात ते कन्नड बोलतात, आमच्याशी मराठी. एका सकाळी त्यांचा फोन आला, "अरे, माझी कोयरी कुठं गेली बघ की. नुसत्या रेघाच यायल्यात."

मी गेलो. स्क्रीनवर काठाच्या रेषेला चिकटलेली एक कोयरी होती. ती तीन हुक उजवीकडे सरकवावी एवढंच मामांना हवं होतं. सरकवल्यावर कोयरीचं पोट जिथं असायला हवं होतं तिथं तुटक आडव्या रेघा होत्या आणि वरखाली सगळं कोरं. मामांनी तो नमुना प्रिंट करून ठेवला होता आणि रेघांवर पेन्सिलीनं गोल केले होते. हे सॉफ्टवेअर आम्हीच लिहिलेलं, त्यामुळे कागद घेऊन मी टिळकवाडीतल्या ऑफिसात परत आलो. पुढचे काही आठवडे मी जे शिकलो ते ॲरेची, म्हणजे मेमरीत ओळीनं मांडलेल्या खणांची, नक्कल करणं या एका गोष्टीबद्दल होतं. ते सगळं सविस्तर लिहून ठेवतोय, कारण कॉलेजात हा विषय एका ओळीत संपतो आणि कामात तो संपत नाही.

साडी म्हणजे किती खण

मामांच्या ओळखीच्या ज्या मागावर हे डिझाइन जाणार होतं त्याचा जकार्ड, म्हणजे नक्षीप्रमाणे धागे उचलणारी यंत्रणा, इलेक्ट्रॉनिक आहे, २६८८ हुकांचा. हुक म्हणजे ताण्याचे उभे धागे उचलणारे आकडे. बाण्याचा प्रत्येक आडवा धागा, ज्याला इथं सगळे पिकच म्हणतात, जाताना कोणते हुक वर आणि कोणते खाली हे ठरवावं लागतं. म्हणजे डिझाइन म्हणजे एक मोठा तक्ता: आडव्या ओळीत २६८८ खण आणि एक ओळ एका पिकाची. काठ, अंग, पदर असं सगळं एकाच फाईलमध्ये मांडलेल्या या डिझाइनमध्ये १२,००० ओळी होत्या. गुणाकार केला तर ३ कोटी २२ लाख ५६ हजार खण.

जोसेफ मारी जकार्डनं १८०४ साली फ्रान्समध्ये हा माग उभा केला तेव्हा प्रत्येक ओळीसाठी एक पुठ्ठा लागायचा. एखादी बुट्टी पुन्हा हवी तर तेच पुठ्ठे पुन्हा पाडायचे. साडीचं काम मुळातच नकलेचं काम आहे. एक बुट्टी अंगभर पसरते, डावा काठ उजवीकडे उलटा होऊन येतो, पदरातली ओळ पुढच्या वीस ओळींत तशीच राहते. आमच्या सॉफ्टवेअरचा निम्म्याहून जास्त वेळ एका जागेचे खण दुसऱ्या जागी नेण्यात जायचा, यात नवल काही नव्हतं. मी ते आधी मोजलं नव्हतं, एवढंच.

चित्र दाखवणं आणि फाईल वाचणं हे भाग आम्ही सी भाषेत लिहिलेत. डिझाइनवरची कामं, म्हणजे सरकवणे, उलटवणे, पसरवणे, ही लुआमध्ये आहेत. लुआ ही १९९३ साली ब्राझीलमधल्या रिओच्या कॅथलिक विद्यापीठात जन्मलेली छोटी भाषा. दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात बसवण्यासाठीच ती बनवली आहे. तिचा अख्खा स्रोत आपल्याच प्रोग्रॅमबरोबर कंपाइल होतो, त्यामुळे तिची प्रमाण लायब्ररी, म्हणजे भाषेबरोबरच येणारी तयार फंक्शनं, उघडून बघता येते आणि मनात आलं तर बदलताही येते. ही सोय पुढे आमच्या कामालाही आली आणि अंगावरही आली. आम्ही आवृत्ती ५.३ वापरत होतो.

रेघा कुठून आल्या

मामांच्या कागदावर गोल केलेली एक ओळ मी वहीत उतरवली. कोयरीच्या पोटाची ती ओळ, सुरुवातीचे आठ खण:

० १ १ १ १ १ ० ०

हे आठ खण तीन जागा उजवीकडे न्यायचे. मोकळे झालेले पहिले तीन खण नंतर पुसले जातात, तेव्हा पुसण्याआधीची ओळ अशी दिसायला हवी:

० १ १ ० १ १ १ १ १ ० ०

आमच्या प्रोग्रॅमनं दिलेली ओळ अशी होती:

० १ १ ० १ १ ० १ १ ० १

वहीत हाताने करून बघितलं की लगेच कळतं. आमचा फॉर लूप डावीकडून उजवीकडे जायचा. पहिला खण चौथ्यावर, दुसरा पाचव्यावर, तिसरा सहाव्यावर. मग चौथ्याची पाळी आली, पण चौथ्यातलं मूळ मूल्य आता राहिलेलंच नव्हतं. तिथं पहिल्याची नक्कल येऊन बसली होती आणि तीच सातव्यावर गेली. पहिले तीन खण ओळभर पुन्हा पुन्हा उमटत गेले. ज्या ओळींत कोयरीचं पोट पहिल्या तीन रकान्यांना शिवत होतं तिथं तुटक रेघ आली, बाकीच्या ओळींचे पहिले तीन खण शून्य होते म्हणून तिथं कोरं. मामांनी पेन्सिलीनं केलेले गोल नेमके पोटाच्या ओळींवर होते.

यावरचा उपाय जुना आहे. उजवीकडे सरकवायचं असेल तर उजव्या टोकापासून सुरू करायचं, डावीकडे सरकवायचं असेल तर डाव्या. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाण लायब्ररीत यासाठीच दोन वेगळी फंक्शनं आहेत. मेममूव्ह दिशा सांभाळतं. मेमकॉपी सांभाळत नाही. दोन्ही जागा एकमेकांवर येत असतील तर मेमकॉपीकडून काय मिळेल याची भाषेच्या प्रमाण नियमांत कसलीच हमी नाही.

हमी नाही म्हणजे काय, हे २०१० मध्ये पुष्कळांना कळलं. तोपर्यंत जी-लिब-सी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीतलं मेमकॉपी व्यवहारात सुरुवातीपासून शेवटाकडे जायचं. काही प्रोसेसरांवर ते शेवटापासून उलटं न्यायला सुरुवात झाली, वेगासाठी, आणि फेडोरा १४ या लिनक्सच्या आवृत्तीवर फ्लॅश प्लेअरचा आवाज खरखरायला लागला. एकमेकांवर येणाऱ्या जागांसाठी तिथं मेमकॉपी वापरलं गेलं होतं. नियमाप्रमाणे चूक वापरणाऱ्याची, पण त्रास ऐकणाऱ्याला. पुढे जी-लिब-सी २.१४ मध्ये नव्या मेमकॉपीला वेगळा आवृत्ती-शिक्का मिळाला आणि जुन्या प्रोग्रॅमना मेममूव्हसारखंच वागणारं जुनं मेमकॉपी मिळत राहिलं. प्रमाण लायब्ररीतल्या नकलेचा वेग वाढवताना काय काय मोडू शकतं याचं मला माहीत असलेलं सगळ्यात स्पष्ट उदाहरण हेच आहे.

लुआच्या ५.३ आवृत्तीत, २०१५ साली, टेबल.मूव्ह नावाचं फंक्शन आलं. कुठून, कुठपर्यंत, कुठं, असे तीन आकडे द्यायचे. नवी जागा जुन्या जागेवर पुढच्या बाजूने येत असेल तर ते स्वतःहून उलटं जातं. मी आमचा लूप काढला आणि ते लावलं. कोयरी परत आली. मामांना दाखवलं, तर म्हणाले, "आली खरी. पण केवढा वेळ लावायलंय रे हे?"

मोजल्यावर काय सापडलं

वेळ खरंच लागत होता, आणि पाच-सहा बदल केल्यावर मामांचा कॉम्प्युटर जागीच बसायचा. माउससुद्धा हलायचा नाही. घड्याळाचे आकडे मी या लेखात मुद्दाम देत नाही. मशीन बदललं की ते बदलतात. किती खण किती वेळा हलले हा हिशेब मात्र कुठल्याही मशीनवर तोच राहतो, आणि या प्रकरणात तोच कामाला आला.

माझा पहिला अंदाज टेबल.मूव्हवर होता. ते सी मध्ये लिहिलेलं असलं तरी एकेक खण लुआच्या बाहेरच्या दारातून आणतं आणि त्याच दारातून परत ठेवतं. दर खणाला दोन कॉल, म्हणजे अख्ख्या डिझाइनच्या एका नकलेला ६ कोटी ४५ लाख कॉल. कुठल्या फंक्शनात किती वेळ जातो ते दाखवणारं लिनक्सवरचं पर्फ लावून बघितलं तर हे दोन कॉल यादीत होतेच, पण त्यांच्या जोडीला तितकंच ठळक एक नाव होतं ज्याचा मी विचारही केला नव्हता: रीहॅश.

लुआत ॲरे असा वेगळा प्रकार नाही, टेबल हा एकच. त्याच्या पोटात एक सलग भाग असतो आणि एक हॅशचा, जिथं खण क्रमानं न बसता किल्लीवरून शोधले जातात. रिकाम्या टेबलात पहिला खण ठेवला की सलग भाग एकाचा होतो. दुसरा ठेवला की दोनाचा, तिसऱ्याला चाराचा, पाचव्याला आठाचा. दर वेळी जागा संपली की लुआ आतल्या सगळ्या आकडी किल्ल्या मोजते आणि पुढचा दोनाचा घात ठरवते. हेच रीहॅश. २६८८ खणांची ओळ रिकाम्या टेबलात नकलायची तर आकार १ पासून ४०९६ पर्यंत तेरा वेळा बदलतो. जुन्या आकारांची बेरीज ४०९५ येते. म्हणजे २६८८ खणांच्या नकलेसाठी आणखी चार हजार खण मोजायचे, आणि मेमरी जागच्या जागी वाढली नाही तर तेवढेच उचलून हलवायचेही. १२,००० ओळींना १ लाख ५६ हजार रीहॅश.

त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. ६४ बिटांच्या मशीनवर लुआचा एक खण १६ बाइट घेतो: ८ बाइट मूल्याचे, बाकी प्रकाराची खूण आणि भरती. ४०९६ खण म्हणजे ६५,५३६ बाइट, आणि त्यातले १४०८ खण कधीच वापरले जाणार नाहीत. १२,००० ओळींचे ७८ कोटी ६४ लाख बाइट. वर आम्ही 'मागे घ्या'साठी पाच पायऱ्या ठेवल्या होत्या आणि प्रत्येक पायरीला अख्ख्या डिझाइनची नक्कल. चालू डिझाइन धरून सहा प्रती: ४७१ कोटी बाइट. मामांच्या मशीनची रॅम ४ जीबी, म्हणजे ४२९ कोटी. माउस का हलत नव्हता याचं उत्तर या एका वजाबाकीत होतं, आणि ती करायला मला पर्फचीही गरज नव्हती, कागद पुरला असता.

यातला सगळ्यात स्वस्त उपाय पहिल्याच दिवशी लावला. लुआच्या सी बाजूला टेबल बनवतानाच आकार सांगता येतो, पण ५.३ मध्ये लुआच्या स्क्रिप्टमधून तो सांगायची सोय नाही. आम्ही दहा ओळींचं एक फंक्शन बाहेर काढलं: इतक्या खणांचं टेबल दे. रीहॅश संपले. ओळ नेमकी २६८८ खणांची झाली, ४३,००८ बाइट. सहा प्रती ३०९ कोटीवर आल्या. मशीन बसायचं थांबलं, पण जड चालत राहिलं.

लायब्ररीला हात लावला

इथवर आल्यावर मला दर खणाचे ते दोन कॉल खुपायला लागले. दोन्ही टेबलांचे सलग भाग मेमरीत ओळीनं पडलेले आहेत, १६-१६ बाइटांचे खण. एकच मेममूव्ह केलं की झालं. लायब्ररी असं का करत नाही?

कारणं आहेत, आणि ती समजून घेण्याआधीच मी हात लावला. लुआत टेबलाला मेटाटेबल जोडता येतं. एखादा खण वाचताना किंवा लिहिताना मग वापरणाऱ्यानं दिलेलं फंक्शन चालू शकतं. लायब्ररीला ते टाळता येत नाही, म्हणून ती दर खणाला पुढच्या दारानं जाते. दुसरं, मागितलेले सगळे खण सलग भागातच असतील असं नाही, काही हॅशमध्ये असू शकतात. ही दोन कारणं मला माहीत होती. म्हणून मी टेबल.मूव्हमध्ये एक जवळची वाट काढली: दोन्हींना मेटाटेबल नसेल आणि सगळा पट्टा सलग भागात बसत असेल तर थेट मेममूव्ह, नाहीतर जुनी वाट. वेग लगेच जाणवला. पुढचे दोन दिवस मी खूश होतो.

तिसऱ्या दिवशी मामांकडे प्रोग्रॅम कोसळला. परत सुरू केला, तासभर नीट चालला, पुन्हा कोसळला. दर वेळी वेगळ्या ठिकाणी. पदराच्या काही ओळींत खणात आकड्याऐवजी धाग्याचं नाव असायचं, 'जर' वगैरे, आणि कोसळताना त्या नावांच्या जागी कचरा दिसायचा.

तिसरं कारण हे होतं. लुआची मेमरी गार्बेज कलेक्टर, म्हणजे वापरात नसलेल्या वस्तू गोळा करून फेकणारा भाग, सांभाळतो, आणि ५.१ पासून तो थोडं थोडं काम करत पुढे सरकतो, प्रोग्रॅम चालू असतानाच. त्यासाठी वस्तूंना तीन रंग असतात. पांढरी वस्तू अजून बघितलेली नाही. करडी बघितली आहे, पण तिच्या आत काय आहे ते बघायचं राहिलंय. काळीचं आतबाहेर सगळं बघून झालंय. फेरीच्या शेवटी जे पांढरं उरतं ते फेकायचं. या व्यवस्थेचा एक नियम आहे: काळ्या वस्तूनं थेट पांढऱ्या वस्तूकडे बोट दाखवता कामा नये, कारण काळ्याकडे कलेक्टर पुन्हा बघणार नाही. म्हणून टेबलात काही ठेवताना लुआ दर वेळी तपासते आणि गरज पडली तर काळ्या टेबलाला परत करडं करते. याला बॅरिअर म्हणतात. माझ्या मेममूव्हनं तो ओलांडला होता.

प्रत्यक्ष घडत होतं ते असं. स्क्रिप्ट पदराची एक तात्पुरती ओळ तयार करायची, तिच्यात 'जर' हे नाव. ती मुख्य ओळीत नकलली जायची आणि तात्पुरती ओळ सोडून दिली जायची. मुख्य ओळ त्या फेरीत आधीच काळी झालेली असेल तर कलेक्टर तिच्यात परत डोकावत नाही. तात्पुरत्या ओळीपर्यंत पोचायचा रस्ता कुणाकडेच उरलेला नसतो. नाव पांढरंच राहतं आणि फेरीच्या शेवटी त्याची मेमरी सोडली जाते. मुख्य ओळीच्या खणात आता दुसऱ्याच कुणाच्या मेमरीचा पत्ता. पदर नसलेल्या डिझाइनवर हे कधीच घडलं नसतं, कारण आकडा खणातच असतो, त्याला कुणी गोळा करत नाही. माझ्या सगळ्या चाचण्या आकड्यांवरच केलेल्या होत्या.

दुरुस्ती छोटी निघाली. दर खणाला बॅरिअर लागतच नाही. अख्खी नक्कल झाल्यावर एकदा बघायचं, टेबल काळं आहे का, आणि असेल तर त्याला एकदाच करडं करायचं. २६८८ तपासण्यांच्या जागी एक. कोसळणं थांबलं. चाचण्यांमध्ये मी नावांच्या ओळी घातल्या आणि नकलेच्या मध्येच कलेक्टरची अख्खी फेरी चालवायची चाचणीही घातली.

हा गुंता एकट्या लुआचा नाही. जावात सिस्टिम.ॲरेकॉपी आकड्यांच्या ॲरेला सरळ मेमरी हलवतं, पण ऑब्जेक्टच्या ॲरेला प्रकार जुळतात का हे बघावं लागतं आणि कलेक्टरसाठी खुणाही कराव्या लागतात. सी-पायथनमध्ये लिस्टचा तुकडा कापला की प्रत्येक घटकाचा संदर्भ-मोज, म्हणजे तो किती ठिकाणी वापरात आहे याचा आकडा, एकेकानं वाढवावा लागतो, म्हणून तिथं नुसती मेमरी उचलून भागत नाही. त्याच भाषेतलं ॲरे मॉड्यूल नुसते आकडे धरतं, तिथं भागतं. खणात आकडा आहे की पत्ता, या एका प्रश्नावर नकलेची किंमत ठरते. लायब्ररीला ते आधीच माहीत असेल तर ती धावते, नसेल तर दर खणाला विचारत बसते.

हात मागे घेतला

लायब्ररीतला तो बदल आज आमच्या प्रोग्रॅममध्ये नाही. तो काढला, पण चुकीचा होता म्हणून नव्हे. जून २०२० मध्ये लुआ ५.४ आली. तिच्यात टेबलाच्या सलग भागाचा आकार ठेवायची आतली पद्धतच बदलली होती आणि माझी जवळची वाट ज्या नावावर उभी होती ते नावच राहिलं नव्हतं. पुढची प्रत्येक आवृत्ती घेताना कलेक्टरचं आतलं सगळं पुन्हा वाचायचं आणि ते चुकलं तर मामांचा पदर जायचा. दोन माणसांच्या ऑफिसाला हे ओझं पेलणारं नाही. भाषेची प्रमाण लायब्ररी स्वतःपुरती बदलून वापरणं हे माझ्या मते अगदी शेवटचं पाऊल असावं, आणि मी ते दुसरं म्हणून टाकलं होतं.

मग प्रश्न उलटा विचारला. आमच्या खणात खरं काय असतं? एका रंगाचा क्रमांक. एका साडीत आमच्याकडे २५६ पेक्षा जास्त रंग कधीच आले नाहीत. नावं एका वेगळ्या यादीत ठेवली तर खणाला एक बाइट पुरतो. म्हणून ओळ हा आमचाच एक प्रकार केला, लुआच्या भाषेत युजरडेटा: २६८८ बाइट, सलग. त्याच्यावर सरकवणं, भरणं, नक्कल करणं ही फंक्शनं सी मध्ये, आत सरळ मेममूव्ह. कलेक्टरला यात बघण्यासारखं काही नाही, मेटाटेबल दर खणाला आडवं येत नाही, दिशा मेममूव्ह सांभाळतं. भाषेची लायब्ररी जशी होती तशी राहिली.

अख्खं डिझाइन ५१ कोटी ६० लाख बाइटांवरून ३ कोटी २२ लाखांवर आलं. प्रोसेसरच्या दृष्टीनं फरक याहून मोठा. आमच्या मशीनवर सगळ्यात जवळची कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी वेगवान मेमरी, ३२ किलोबाइटची आहे. ४३,००८ बाइटांची जुनी ओळ तिच्यात मावतच नव्हती, ओळीचं शेवटचं टोक येईपर्यंत पहिलं बाहेर पडायचं. २६८८ बाइटांची ओळ म्हणजे ६४ बाइटांच्या ४२ कॅश-रेषा. स्रोत आणि मुक्काम दोन्ही एका वेळी आत बसतात. जवळची वाट काढून मी जे मिळवू बघत होतो त्याहून जास्त खण लहान केल्यानं मिळालं.

बुट्टी अंगभर पसरवण्याचं काम मला या सगळ्यात जास्त आवडतं. ९६ हुकांची बुट्टी २६८८ हुकांत बरोबर २८ वेळा बसते. आधी आम्ही २७ वेळा नकलायचो. आता पहिले ९६ बाइट पुढे नकलायचे की १९२ तयार होतात. ते १९२ पुढे नेले की ३८४, मग ७६८, मग १५३६, आणि शेवटी उरलेले ११५२. पाच नकलांत ओळ भरते.

यातली गंमत पहिल्या दिवशीच्या रेघांत आहे. मामांची कोयरी ज्या लूपनं मोडली तोच लूप तीनऐवजी ९६ चं अंतर देऊन चालवला तर पहिले ९६ खण ओळभर पुन्हा पुन्हा उमटतात, म्हणजे एका फेरीत बुट्टी पसरते. लेम्पेल आणि झिव यांनी १९७७ साली मांडलेली दाबून साठवण्याची पद्धत उलगडताना नेमकं हेच करतात: मागे इतक्या अंतरावरून इतके अक्षर उचल, आणि जागा एकमेकांवर आल्या तरी पुढेच जात राहा. तिथं पुन्हा उमटणंच हवं असतं. म्हणून आमच्या प्रकारात मी दोन वेगळी फंक्शनं ठेवली, 'सरकव' आणि 'पसरव', आणि एकाच्या जागी दुसरं वापरता येऊ नये म्हणून त्यांची मापं द्यायची पद्धतही वेगळी ठेवली.

'मागे घ्या'चं काम थोडक्यात सांगतो, कारण तिथं नक्कल वेगवान केली नाही, टाळली. प्रत्येक पायरीला आता अख्खं डिझाइन नकलत नाही. फक्त ओळींच्या पत्त्यांची यादी नकलते, ओळी सामाईक राहतात. एखाद्या ओळीत लिहायचं असेल आणि ती दुसऱ्या पायरीतही वापरात असेल तर आधी तिची स्वतंत्र प्रत करायची, मग लिहायचं. कोयरी १२० ओळींची होती. ती सरकवताना १२० ओळी नकलल्या जातात, ३ लाख २२ हजार ५६० बाइट. आधी त्याच कामाला ७८ कोटी लागायचे. यात धोका एकच असतो, सामाईक ओळीत कुणी परस्पर लिहिलं तर पाचही पायऱ्या एकदम बिघडतात. म्हणून ओळीत लिहायचं दार एकच ठेवलं आहे आणि प्रत करायची की नाही हे तिथंच ठरतं.

एक काम अजून पहिल्यासारखंच आहे. डावा काठ उजवीकडे आणताना आरशातल्यासारखा उलटावा लागतो, पहिला हुक शेवटी, शेवटचा पहिला. मेममूव्हला हे येत नाही. तिथं एकेक बाइट उचलणारा साधा लूप आहे. काठ अरुंद असतो, त्यामुळे तो जाणवत नाही, आणि जाणवेपर्यंत मी त्याला हात लावणार नाही.

नवी आवृत्ती मामांच्या मशीनवर घालायला गेलो तेव्हा पुढच्या खोलीत दोन्ही माग चालू होते, त्यामुळे मोठ्यानं बोलावं लागत होतं. मामांनी आधी जुनी फाईल उघडली, कोयरी तीन हुक उजवीकडे नेली आणि चष्मा वर करून पोटाच्या ओळी एकेक करून बघितल्या. मग एक हुक परत डावीकडे घेतली.

"दोनच बरे दिसतात," म्हणाले. "तीन जास्त व्हायलेत."

फाईल पेनड्राइव्हवर घातली आणि मागावर घेऊन गेले.